बोलून बरं वाटतं, पण नेमकं कशामुळे?

गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ‘संगत’ या संस्थेने नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा अभ्यास केला. साधारण निम्म्यांना केंद्रातले उपचार, थोडी सुधारणा करून दिले. बाकीच्यांना त्याच्या जोडीला समुपदेशन. समुपदेशक मानसोपचाराचं औपचारिक शिक्षण न घेतलेले, पण या कामासाठी तयार केलेले लोक. कोण कुठल्या गटात जाणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटात ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं, दुसऱ्या गटात ३९ टक्के.

गुण आला, हे सिद्ध झालं. कशाने आला, हा प्रश्न मला याहून मोलाचा वाटतो, कारण ते कळलं तरच उपचारातला कुठला भाग काही झालं तरी गाळायचा नाही हे ठरवता येतं.

समुपदेशनामागचा विचार साधा होता. उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. देवळात जाणं, शेजारणीशी बोलणं, अंगणातली झाडं. जे सोडलं त्यातच थोडा विरंगुळा होता, म्हणून उदासी वाढते. तेव्हा मन लागायची वाट न बघता आधी काहीतरी करायला लागायचं.

समुपदेशन आणि गुण येणं यांच्यातला हा मधला दुवा, म्हणजे माणसाची सक्रियता, आकड्यांत असा पकडतात. समजा, समुपदेशनामुळे माणसाची सक्रियता ३ गुणांनी वाढली, आणि सक्रियतेच्या दर गुणामागे नैराश्य अर्ध्या गुणाने उतरलं. गुणाकार दीड. दोन गटांच्या नैराश्यात एकूण फरक ३ गुणांचा असेल, तर त्यातला निम्मा या वाटेने आला. गोव्यात सक्रियता तिसऱ्या महिन्यात मोजली आणि नैराश्य बाराव्या महिन्यात, म्हणजे कारण आधी, परिणाम मागून. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात हा वाटा ५८ टक्के निघाला.

पण इथे जपून. गट चिठ्ठीने ठरले होते, सक्रियता नाही. एखादीची बहीण रोज येऊन तिला बाजारात घेऊन जात असेल, तर त्या बहिणीमुळे तिचं बाहेर पडणंही वाढेल आणि मनही हलकं होईल. हिशेबात बहीण नसेल तर सगळं श्रेय बाहेर पडण्याला जातं. म्हणून चांगले अभ्यासक आणखी एक गणित करतात: असा न मोजलेला घटक किती प्रबळ असला, तर आपला निष्कर्ष कोसळेल?

दुसरी गफलत याहून सहज होते. जास्त बाहेर पडणारी माणसं कमी उदास असतात, हे झालं माणसामाणसांतलं अंतर. उपचाराचा प्रश्न वेगळा आहे: हीच बाई ज्या आठवड्यात जास्त बाहेर पडली, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिला बरं वाटलं का? त्यासाठी सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा मोजून भागत नाही. दर आठवड्याला तिलाच विचारावं लागतं, आणि तिची तुलना तिच्याच नेहमीच्या पातळीशी करावी लागते.