कॅमशाफ्टच्या तडजोडीतून सुटका: व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगची पार्श्वभूमी

इंजिनातला व्हॉल्व्ह (झडप) कधी उघडायचा, किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याचा (कॅमचा) आकार ठरवतो. हा आकार एकदा घडवला की कायमचा, आणि स्पोर्ट्स कारची खरी अडचण तिथेच होती. ८,००० आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ६७ वेळा उघडतो आणि मिटतो. क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) २४० अंश फिरेपर्यंत तो उघडा राहत असेल, तर सिलिंडर भरायला जेमतेम ५ मिलिसेकंद मिळतात. ८०० आरपीएमवर तेच ५० होतात. म्हणून वेगासाठी बनवलेल्या कॅममुळे इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह लवकर उघडतो, उशिरा मिटतो आणि काही क्षण एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या जोडीनेच उघडा असतो. या ओव्हरलॅपचा वरच्या आरपीएमला फायदा होतो, कारण बाहेर धावणारा वायू ताजी हवा आत ओढतो. खालच्या आरपीएमला मात्र जळका वायू उलटा शिरतो आणि गाडी उभी असताना इंजिन (आयडलिंग) अडखळतं. शिवाय न जळलेलं इंधन एक्झॉस्टमधून निसटतं.

त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीत व्हॉल्व्हची वेळ चालू इंजिनात बदलण्याचा, म्हणजे व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगचा, पहिला उपाय आला तो वेगाच्या हौसेपेक्षा प्रदूषणाच्या नियमांमुळे. १९८० मध्ये अल्फा रोमियोने अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या २ लिटरच्या स्पायडरमध्ये इनटेक कॅमशाफ्ट थोडा मागेपुढे फिरवणारी यांत्रिक रचना बसवली. तिचं श्रेय अभियंता जाम्पाओलो गार्चेआ यांचं. एरवीच्या चर्चेत हे नाव फारसं निघत नाही, ही खंत वाटते.

सगळ्यांच्या लक्षात राहिली ती होंडाची व्हीटेक, १९८९ च्या इंटेग्रामधली. वेळ सरकवण्याऐवजी होंडाने उंचवटाच बदलला. इनटेक व्हॉल्व्हच्या प्रत्येक जोडीसाठी कॅमशाफ्टवर तीन उंचवटे आणि तीन रॉकर आर्म, म्हणजे उंचवट्याची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारे दांडे. मधला उंचवटा सर्वांत मोठा. सावकाश चालवताना मधला रॉकर नुसताच हलत राहतो. ५,००० आरपीएमच्या पुढे ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते, तिन्ही रॉकर एकमेकांना अडकतात आणि व्हॉल्व्ह मोठ्या उंचवट्याच्या तालावर चालू लागतात. टर्बोविना (हवा दाबून भरणाऱ्या पंख्याविना) १.६ लिटरमधून १६० अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे १००, आणि तेही शहरात निमूट चालणाऱ्या गाडीत! माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत देखणी युक्ती.

युरोपने कॅमशाफ्ट फिरवण्याचीच वाट धरली. पोर्शने ९६८ मध्ये दोन कॅमशाफ्टमधली चेन ताणून वेळ बदलली. बीएमडब्ल्यूच्या १९९२ च्या व्हॅनोस या रचनेत तिरक्या दात्यांचा गिअर ऑइलच्या दाबाने सरकायचा. पुढे ३.२ लिटरच्या एम३ मध्ये हीच सोय एक्झॉस्टलाही मिळाली आणि इंजिन ३२१ अश्वशक्तीवर गेलं. २००० च्या ९११ टर्बोत पोर्शने व्हॉल्व्हची वेळ आणि उघडण्याची उंची दोन्ही बदलणारी रचना आणली.

फॉर्म्युला वनच्या नियमांत मात्र व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या रचनांना मनाई आहे. शर्यतीतलं इंजिन बहुतेक वेळ वरच्या आरपीएमलाच फिरत असल्याने त्याचं फारसं अडत नाही.

आजच्या डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या) टर्बो इंजिनांत ओव्हरलॅप खालच्या आरपीएमलाही मुद्दाम वाढवला जातो. इनटेकमधला दाब एक्झॉस्टपेक्षा जास्त असला की ताजी हवा सिलिंडर साफ करत पार निघून जाते आणि टर्बो लवकर फिरू लागतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटल्यावरच इंधन सोडलं जात असल्याने ते वायाही जात नाही.