इदंता

तिच्यासारख्या इतर कितीही वस्तू असल्या, तरी एखादी वस्तू ज्यामुळे ‘हीच’ ठरते ते तत्त्व म्हणजे इदंता. लॅटिनमध्ये त्याला ‘हेक्केइतास’ म्हणतात. ही संकल्पना स्कॉटलंडमधील डन्स येथे जन्मलेला, फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचा तत्त्वज्ञ जॉन डन्स स्कोटस (सु. १२६६–१३०८) याची.

एकाच साच्यातून काढलेल्या दोन मूर्तींचा आकार एकच असतो. मग त्या दोन कशामुळे? ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) याचे उत्तर होते : द्रव्यामुळे, म्हणजे लांबी-रुंदीने आखलेल्या मातीच्या या गोळ्यामुळे. देवदूतांना द्रव्य नसते, म्हणून त्याच्या मते प्रत्येक देवदूत ही स्वतंत्र जातीच. पॅरिसच्या बिशपने १२७७ मध्ये २१९ विधाने निषिद्ध ठरवली. द्रव्यावाचून एका जातीत अनेक व्यक्ती देवालाही निर्माण करता येत नाहीत, हे मत त्यांत होते.

स्कोटसचा आक्षेप मात्र धर्माज्ञेपुरता नव्हता. परिमाण, म्हणजे लांबी-रुंदी, हा वस्तूला येऊन चिकटणारा गुण आहे. वस्तूचे मूळ वेगळेपण त्याच्यावर कसे उभे राहील? आणि द्रव्य तर सगळ्याच मूर्तींत आहे. त्याने आधीचा मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न सीना याचा विचार पुढे नेला : ‘घोडेपण’ हे निव्वळ घोडेपण असते, ते स्वतः एकही नाही आणि अनेकही नाही. या सामान्य स्वरूपाला इदंता जोडली गेली की ‘हा घोडा’ होतो. दोन इदंतांमध्ये समान असे काहीच नसते. म्हणून त्यांना वेगळे करायला तिसरे काही लागत नाही, आणि हाच या युक्तिवादाचा सर्वांत बळकट भाग आहे.

या सिद्धान्ताची किंमत ज्ञानाच्या बाजूने मोजावी लागते. स्कोटसच्या मते, या जन्मी मानवी बुद्धीला इदंता थेट कळत नाही. आपण रंग, जागा, आकार यांवरूनच वस्तू ओळखतो. वैशेषिक या भारतीय दर्शनातील ‘विशेष’ हा पदार्थ (मूलभूत तत्त्व) इथे आठवल्यावाचून राहत नाही. तोही स्वतःच व्यावर्तक, म्हणजे वेगळेपण दाखवणारा असतो, आणि वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपादाच्या मते सारख्या परमाणूंमधला तो भेद योग्यांनाच दिसतो. फरक एवढाच की वैशेषिकांनी विशेष फक्त नित्य द्रव्यांत, म्हणजे परमाणूंसारख्या नाश न पावणाऱ्या वस्तूंत मानला. घटाचे वेगळेपण त्याच्या अवयवांवरून सांगता येते.

विल्यम ऑफ ऑकम या इंग्रज फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञाने पुढे प्रश्नच उलटा केला. प्रत्येक वस्तू मुळातच एकेकटी असते, तिला तसे करणारे काही शोधू नये. शोधायचे ते हे की अनेकांना एकच शब्द लागू कसा पडतो.