मूठभर नमुन्यावरून पोत्याची पारख: एपिटोप शोधणाऱ्या गणिताची पार्श्वभूमी

जळगाव किंवा चोपड्याच्या बाजार समितीत अख्खे पोते कोणी उपसत नाही. मूठभर दाणे तळहातावर घेतले, की मालाचा भाव ठरतो. आपल्या टी-पेशींचे, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे, काम थोडेफार असेच चालते. विषाणू पेशीत शिरला, की त्याच्या प्रथिनांचे तुकडे पडतात आणि त्यांतले निवडक तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर ठेवून पेशीच्या पृष्ठभागावर मांडले जातात. टी-पेशी ओळखते ती त्या तुकड्याला, सबंध विषाणूला नाही. प्रतिपिंडेही (जंतूला चिकटणारी रक्तातली संरक्षक प्रथिने) प्रथिनाच्या ठराविक भागालाच चिकटतात. अशा भागाला एपिटोप म्हणतात. तो प्रयोगाआधीच संगणकाने दाखवावा, हा खटाटोप चार दशकांहून जुना आहे.

सुरुवात प्रतिपिंडांपासून झाली. 1981 मध्ये हॉप आणि वूड्स या संशोधकांनी साधा तर्क लावला: प्रतिपिंड बाहेरून चिकटते, म्हणून प्रथिनाचा पाण्याशी सलगी करणारा, पृष्ठभागावर येणारा भाग शोधावा. त्यासाठी सलग सहा अमिनो आम्लांच्या (प्रथिनाच्या साखळीतल्या दुव्यांच्या) पाणीप्रेमाची सरासरी काढायची.

1990 साली जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठातल्या अशोक कोळस्कर आणि टोणगावकर (आडनाव खानदेशी कानाला ओळखीचे) यांची पद्धत प्रसिद्ध झाली. त्यांनी तर्काऐवजी मोजणीपासून सुरुवात केली. 34 प्रथिनांमधले प्रयोगाने सिद्ध झालेले 156 एपिटोप घेतले आणि कोणते अमिनो आम्ल त्यांत किती वेळा येते ते पाहिले. निघाले ते काहीसे उलटेच. सिस्टीन, ल्युसीन, व्हॅलीन ही पाण्यापासून दूर राहणारी मंडळी पृष्ठभागावर आली, तर एपिटोपमध्ये असण्याची शक्यता जास्त. या पद्धतीची अचूकता सुमारे 75 टक्के सांगितली गेली. हिशेब वहीवर मांडता येईल इतका सोपा, आणि तरीही अमेरिकेतल्या ला होया इथल्या एपिटोप माहितीकोशाने, म्हणजे आयईडीबीने, तो आपल्या संगणकी साधनांत ठेवला. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत आवडते.

अडचण अशी, की प्रतिपिंडांचे बहुतेक एपिटोप सलग नसतात. साखळीत दूरदूर असलेले भाग प्रथिनाची घडी पडल्यावर शेजारी येतात. त्यासाठी त्रिमितीय रचना लागते. उर्मिला कुलकर्णी-काळे, भोसले आणि कोळस्कर यांचे ‘सीईपी’ हे 2005 चे साधन त्यासाठीच होते, तेही पुण्याचेच.

टी-पेशींची वाट वेगळी. 1974 मध्ये झिंकरनागेल आणि डोहर्टी या संशोधकांनी दाखवले, की टी-पेशी विषाणूचा अंश स्वतःच्या शरीराच्या रेणूसोबतच (माणसात हाच एचएलए) ओळखतात. 1987 मध्ये एचएलए-ए2 या एचएलए प्रकाराची रचना उलगडली आणि तुकडा ठेवायची खाच दिसली. 1991 मध्ये जर्मनीतल्या रामेन्सी यांच्या गटाने प्रत्येक खाचेची आवड नोंदवली: बहुधा नऊ अमिनो आम्लांचा तुकडा आणि ठराविक जागी ठराविक अमिनो आम्ल. मग साधनांची रांगच लागली. चंदीगडच्या राघव यांच्या गटाचे ‘प्रोप्रेड’ 2001 चे. पुढे डेन्मार्कच्या ‘नेटएमएचसी’ने हे काम न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीवर, नेले.

2020 मध्ये त्याचा उपयोग दिसला. कोरोनाच्या स्पाइक प्रथिनात 1273 अमिनो आम्ले, म्हणजे नऊ-नऊचे 1265 तुकडे. सगळे तपासत बसण्यापेक्षा ला होयाच्या संशोधकांनी आधी संगणकाकडून यादी काढली, मग रुग्णांच्या रक्तावर चाचण्या केल्या. याच काळात नुसत्या संगणकावर ‘लस’ बनवणाऱ्या शोधनिबंधांचाही पूर आला. प्रयोगशाळेचा दरवाजा न उघडता लिहिलेला निबंध म्हणजे पोते न पाहता लावलेला भाव.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे जास्त बोचते. एचएलए माणसागणिक बदलतो आणि त्याच्या प्रकारांचे प्रमाण समाजागणिक. साधने शिकली ती ज्या प्रकारांची माहिती भरपूर होती त्यांवर, आणि त्यात युरोपीय लोकांत सर्रास आढळणारा ए2 आघाडीवर. आयईडीबीत एखादा एपिटोप-संच किती टक्के लोकांना लागू पडेल, हे मोजायची सोय आहे. पण विद्यार्थी बहुतेकदा तिथे एचएलए प्रमाणांची तयार यादी भरतो आणि पुढे जातो. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्तीसाठी उत्तर हवे असेल, तर त्या तयार यादीच्या जागी तिथल्या लोकांच्या एचएलए प्रकारांचे प्रमाण भरावे लागते, आणि ते तिथल्या लोकांचे रक्त तपासूनच मिळते.