नदीचं पाणी कसं आहे, ते चावणारा किडा सांगतो

पावसाळा सरला, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसले आणि पंचगंगा जरा निवळली, की काठावर गळ टाकून बसणारे दिसू लागतात. मरळ मिळो, चिलापी मिळो किंवा नुसतंच गांडूळ वाया जावो, एक गोष्ट मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येते. दिवस कलला की पोटऱ्या, कानामागची कातडी आणि मनगटं खाजून लाल होतात. ‘डासांनी फोडून काढलं’ एवढं म्हणून आपण विषय मिटवतो. खरं तर एकाच काठावर निरनिराळे किडे चावत असतात आणि त्यांतला प्रत्येक जण वेगळ्या पाण्यात वाढलेला असतो. कोण चावलं हे ओळखता आलं, तर समोरच्या पाण्याची बरीच माहिती हाती येते.

भर दिवसा, खळाळत्या पाण्याजवळ चावलं, टोचलेल्या जागी रक्ताचा बारीक ठिपका दिसला आणि दुसऱ्या दिवशी तिथं टणक गाठ आली, तर संशय काळ्या माशीवर घ्यावा. शास्त्रज्ञ तिला सिम्युलियम म्हणतात. दोन-चार मिलिमीटरची, पाठीला कुबड असलेली ही माशी डासासारखी सुई खुपसत नाही. ती कातडी कापते आणि साचलेलं रक्त चाटते. लाळेत बधिरता आणणारे घटक असल्यामुळे चावताना फारसं कळत नाही. तिच्या अळ्या साचलेल्या पाण्यात जगूच शकत नाहीत. वेगानं वाहणाऱ्या, प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यात त्या दगडावर स्वतःच्या रेशमाची गादी विणतात, मागच्या टोकाच्या आकड्यांनी तिला घट्ट धरतात आणि डोक्यावरच्या केसांच्या झुबक्यांनी वाहून येणारे अन्नकण गाळून खातात. कोषातून बाहेर पडलेली माशी हवेच्या बुडबुड्यात बसून वर येते आणि लगेच उडते. आफ्रिकेत याच कुळातल्या माश्या माणसाला आंधळं करणारा कृमी पसरवतात. आपल्याकडे तो रोग नाही. कासारी, कुंभी या नद्यांच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी अशी माशी चावली, तर निदान पाणी वाहतं आणि श्वास घेतं आहे एवढं समजावं.

प्रयाग चिखलीला या नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते आणि पुढं चित्र बदलतं. जयंती नाल्यासारख्या नाल्यांमधून कोल्हापूर शहराचं सांडपाणी नदीत उतरतं. अशा घाण, साचल्या पाण्यात क्युलेक्स डास जोमानं वाढतो. तो रात्री चावतो आणि हत्तीरोगाचा प्रसार करतो. त्याच्या अळ्या पृष्ठभागाखाली उलट्या लटकतात आणि शेपटाकडची श्वासनळी हवेत काढून श्वास घेतात. पाण्यावर तेल टाकलं की त्या गुदमरतात ते यामुळेच.

मॅन्सोनिया नावाच्या डासापुढं मात्र हा उपाय तोकडा पडतो. शिरोळकडच्या अंगाला नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला अनेकांनी पाहिला असेल. मॅन्सोनियाच्या अळ्या अशा तरंगत्या वनस्पतींच्या मुळांत आपली करवतीसारखी श्वासनळी खुपसतात आणि आतल्या पोकळीतली हवा ओढून घेतात. श्वासासाठी त्यांना वर यावंच लागत नाही, त्यामुळे तेल तर निरुपयोगी ठरतंच, शिवाय मुळांच्या गुंत्यात माशांनाही त्या सहज सापडत नाहीत. जलपर्णी काढणं हाच तिथं खरा उपाय. आणि जलपर्णी वाढते ती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर, म्हणजे मूळ शेवटी नाल्याकडेच जातं.

ओल्या चिखलात वाढणारी चावरी चिलटं इतकी बारीक असतात, की साध्या मच्छरदाणीतूनही आत शिरतात. त्यांचा जोर संध्याकाळी आणि पहाटे असतो.

संध्याकाळी डोक्यावर खांबासारखा थवा घोंगावतो, त्याला मात्र उगाच बदनाम करू नये. ते बहुतेकदा कायरोनॉमिड असतात, डासासारखे दिसणारे पण न चावणारे. त्यांच्या कित्येक जातींच्या अळ्या लालभडक असतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. प्राणवायू जवळजवळ संपलेल्या गाळातही त्या त्यामुळे तग धरतात. नदीतल्या बऱ्याच माशांचं हे आवडतं खाद्य आहे. काठावर सरसकट कीटकनाशक फवारा, अशी मागणी कुणी केली की मला म्हणूनच काळजी वाटते. ते विष पाण्यात उतरलं तर माशांचं ताटच रिकामं होईल.

गळ टाकणाऱ्यालाच जास्त का चावतात? डासांमध्ये आणि या माश्यांमध्ये रक्त पिते ती मादी, अंडी तयार करायला तिला प्रथिनं लागतात. माणूस सोडतो त्या श्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, भोवतालच्या हवेत जेमतेम ०.०४ टक्के. हा वायू वाऱ्यावर पसरतो आणि मादी त्याचा माग काढत येते. जवळ आल्यावर गडद कपडे, अंगाची ऊब आणि घामातलं लॅक्टिक आम्ल तिला नेमकी जागा दाखवतात. त्यात गळवाला तासन्‌तास हलत नाही, आणि बसतो नेमका दिवेलागणीला.

गुरांना चावणाऱ्या मोठ्या गोमाशीची तऱ्हा वेगळी. ओल्या काळ्या कातडीवरून परावर्तित होणारा ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, प्रकाश तिला खेचतो, म्हणून पाण्यातून बाहेर आलेल्या म्हशीभोवती ती जास्त दिसते. जपानमध्ये काळ्या गाईंवर झेब्र्यासारखे पांढरे पट्टे रंगवून पाहिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात अंगावर बसणाऱ्या माश्या जवळपास निम्म्यावर आल्या.

तेव्हा कपडे फिके आणि अंगभर असावेत. झाडीच्या आडोशापेक्षा वाऱ्याची मोकळी जागा बरी, कारण डासाचा वेग माणसाच्या चालण्याइतकाच आणि वाऱ्यात श्वासाचा मागही विस्कटतो. शेणीवर निरगुडीचा पाला टाकून केलेला धूर काही वेळ उपयोगी पडतो, पण तो छातीत भरून घेऊ नये. किडे दूर ठेवायला अंगाला लावायच्या औषधांत डीट सर्वांत जास्त पारखलेलं. ते १९४४ साली अमेरिकेत तयार झालं आणि १९५७ पासून सामान्यांना मिळू लागलं. डोळे, ओठ आणि जखमा टाळून ते उघड्या कातडीवर लावावं. मात्र डीट कित्येक प्रकारचं प्लॅस्टिक विरघळवतं, तेव्हा गळाचं रीळ, गॉगल किंवा घड्याळ हाताळण्याआधी तळहात स्वच्छ धुवावेत.