लाडबोरीच्या आधी : मासिकांतली विज्ञानकथा आणि विदर्भातलं खेडं

चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत 2 एप्रिल 2022 ला, ऐन गुढीपाडव्याच्या रात्री, आकाशातून तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. आसपासच्या शिवारात धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचे अवशेष, असा अभ्यासकांनी पुढं उलगडा केला. तेव्हापासून दिवाळी अंक हाती आले की ओळखीतले वाचक हटकून विचारतात : एवढी मोठी वस्तू आपल्या वावराशेजारी पडली, मग तिची गोष्ट आपल्याकडच्या कुणी का नाही लिहिली? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मासिकांच्या इतिहासात शिरावं लागतं, आणि त्यातही 1970 नंतरच्या वीसेक वर्षांत जरा जास्त वेळ रेंगाळावं लागतं.

त्याआधीचं थोडक्यात. अद्भुताचं विदर्भाला वावडं कधीच नव्हतं. लोणारच्या विवराला लोकांनी लोणासुराची कथा जोडली, गावात दैत्यसूदनाचं देऊळ उभं राहिलं. रामटेकच्या डोंगरावरून यक्षानं ढगाला निरोप्या केलं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. छापील मासिकांचा काळ मात्र दुसऱ्याच टोकाला, कोचीनला सुरू होतो. तिथं सुरू झालेल्या ‘केरळकोकिळ’मधून विसाव्या शतकाच्या तोंडावर चंद्रावरच्या सफरीची एक फ्रेंच कादंबरी मराठीत उतरली. पुढं ‘मनोरंजन’मध्ये 1915 च्या सुमारास एक स्वतंत्र कथा आली, तिला बरेच जण पहिली मराठी विज्ञानकथा मानतात. 1928 साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ निघालं. यातलं आमच्या खेड्यांपर्यंत किती झिरपलं असेल? फार नसावं. वाचायला शिकलेली माणसंच मोजकी होती.

खरा फरक पडला तो 1950 नंतर. 1952 साली मद्रासहून मराठी ‘चांदोबा’ येऊ लागला. त्याच दशकात पुण्यातून ‘नवल’ सुरू झालं. 1971 मध्ये पाठ्यपुस्तक मंडळाचं ‘किशोर’ निघालं आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत पोचलं. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळू लागलं होतं, त्यातून दोन-चार मासिकांची वर्गणी निघायची. अंक टपालानं तालुक्याला यायचा, तिथून एसटीनं किंवा कुणाच्या पिशवीतून गावात. मूर्तिजापूर–यवतमाळ अरुंद मार्गावरच्या ‘शकुंतला’ रेल्वेगाडीनंही बरीच मासिकं वाहिली; 1994 पर्यंत तिचं इंजिन वाफेवर चालायचं, म्हणजे परग्रहावरच्या यानाची गोष्ट कोळशाच्या धुरात वाचणारे लोक आपल्याकडं होते. उशीर ठरलेला. जुलैचा अंक पोळ्याला वाचायचा, याचं कुणाला काही वाटत नसे.

त्या अंकांची अवस्था ज्यांनी पाहिली त्यांना आठवेल. वाचनालयात सहा-सहा अंक एकत्र शिवून खाकी कागदाचं पुठ्ठ्याचं वेष्टण चढवत. शिक्का गोल, जांभळ्या शाईचा, आणि नेमका कथेच्या चित्रावर मारलेला. पुढच्या वाचकाची मजा घालवण्यासाठी कुणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं असे : ‘मास्तरच खुनी आहे’. पण आपल्याला इथं हवी ती त्या शिवलेल्या गठ्ठ्याची अनुक्रमणिका. एका बाजूला मुंजाची गोष्ट, तिच्या पाठोपाठ काळाच्या पलीकडं जाणारं यंत्र, मग शिकारकथा, मग एखादा अनुवाद. संपादकांनी या कथा वेगळ्या कप्प्यांत घातल्या नव्हत्या, वाचकानंही घातल्या नाहीत. चकवा लागून रात्रभर एकाच बांधाभोवती फिरणारा माणूस आणि अंतराळात वाट चुकलेला प्रवासी हे त्याच्या लेखी सख्खे भाऊ होते.

1979 च्या जुलैमध्ये स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा पडणार म्हणून देशभर खेड्यापाड्यांत घबराट होती, ती आपल्याकडंही होती. काहींनी कोंबडी-बोकड उरकून घेतली, काहींनी उधारी मागायला आलेल्यांना ‘आता कायचे पैसे’ म्हणून परत पाठवलं. स्कायलॅबचे तुकडे पडले हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात. विज्ञानकथेला याहून तयार वाचक कुठं मिळाला असता? आणि नेमक्या याच सुमाराला, दूर मुंबई-पुण्यात, विज्ञानकथा म्हणजे काय याची हद्द आखली जात होती.

या हद्दीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं, निदान माझा तसा ग्रह आहे. मुंबईत 1966 साली मराठीतून विज्ञानप्रसार करणारी एक संस्था स्थापन झाली होती. तिनं 1970 पासून विज्ञानकथांची वार्षिक स्पर्धा सुरू केली. 1974 च्या स्पर्धेत एका नामवंत खगोलशास्त्रज्ञानं टोपणनावानं, आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. 1975 च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षीय भाषणातून त्या कथेची वाखाणणी झाली. एका फटक्यात विज्ञानकथेला साहित्यात पाट मिळाला. तोवर ती ‘रहस्य-बिहस्य’वाल्यांच्या पंगतीत बसत होती.

पाटाबरोबर अट आली. कथेतून विज्ञान काढून घेतलं तर कथा कोसळली पाहिजे, ही ती अट. परीक्षकांच्या मनोगतांतून, परिसंवादांतून, संग्रहांच्या प्रस्तावनांतून ती पक्की होत गेली. भूत, मंत्र, देवचार यांना दारं बंद. नुसती अद्भुत कथाही बाहेर, कारण तिच्यात ‘कसं’ याचं उत्तर नसतं. बहुतेक जाणत्यांना हे पटलं, आणि त्यांचं काही चूक होतं असंही म्हणवत नाही.

त्यांची बाजू विदर्भातून तर जास्तच कळते. अंधश्रद्धा निर्मूलनाची संघटित चळवळ 1982 मध्ये नागपुरातूनच उभी राहिली, ती काही हौस म्हणून नाही. मेळघाटात, गडचिरोलीत जादूटोण्याच्या संशयावरून माणसं मारली गेली आहेत. 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यानंतरही 2021 च्या ऑगस्टमध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारहाण झाली; त्यांत म्हातारी माणसं होती. जिथं शेजारणीच्या नजरेवरून डोकी फुटतात तिथं करणीची कथा रंगवून छापणं निरुपद्रवी कसं म्हणायचं? विज्ञानवाल्यांचा हा आक्षेप खोडून काढणारं उत्तर मी तरी कुणाकडून ऐकलेलं नाही.

तरीही कुंपण चुकीच्या जागी पडलं, असंच मला वाटतं. भानामती खरी आहे असं सांगणारी कथा एक आणि गावाला भानामती का हवी असते हे दाखवणारी कथा निराळी. अटीनं दोन्ही एकाच दांडक्यानं हाकलल्या. आत आली ती प्रयोगशाळेची कथा : शास्त्रज्ञ, त्याचा सहायक, एक पत्रकार मित्र, आणि मधोमध दोन पानं समजावून सांगणारं संभाषण. हे सगळं घडायचं मुंबईत, पुण्यात, फार तर केंब्रिजला. अट काही प्रयोगशाळेचीच नव्हती हे खरं. खतं, बियाणं, कीटकनाशक, बोअरवेल, रेडिओ ही विज्ञानाची रूपं खेड्यात रोज हाताळली जात होती आणि त्यांतल्या कुठल्याही एकावर अट पुरेपूर पाळणारी कथा बेतता आली असती. पण नमुने जसे पुढ्यात येतात तसंच लोक लिहितात. आमच्याकडच्या हौशी लेखकांनीही मग यवतमाळ सोडून ‘डॉ. दीक्षितांची प्रयोगशाळा’ लिहायला घेतली. कधी न पाहिलेल्या जागेबद्दल लिहिलेली कथा जशी निपजायची तशी निपजली.

बोलीचा मुद्दा याच्याच पोटात आहे. वऱ्हाडीत विनोदी कथा चालायची, ग्रामीण दुःखाची कथाही चालायची. ‘यंत्र बिघडलं’ हे ‘मशीन बिगडली लेका’ असं लिहिलं की मात्र कथेचा विनोद होतो, अशी समजूत होती. फुलस्केपच्या एका बाजूला समास सोडून लिहिलेली कथा, सोबत तिकीट लावलेलं पाकीट. महिना-दीड महिन्यानं त्याच पाकिटातून ‘साभार परत’. कारण बहुधा दिलेलं नसे. एखादा भला संपादक समासात लिहायचा, ‘भाषा प्रमाण करून पाठवा’. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, याच वर्षांत दंडार या लोकनाट्याचे आणि नाटकांचे प्रयोग धानाच्या बांध्यांत मंडप घालून रात्र-रात्र चालत, त्यांत राक्षस, देव, इन्स्पेक्टर सगळे एकाच मंचावर येत आणि प्रेक्षक तिकीट काढून बसत. अद्भुताची भूक शाबूत होती. मासिकांनी तिच्याकडं पाठ फिरवली, एवढंच.

तोवर मासिकांचेच दिवस फिरले. ‘सत्यकथा’ 1982 मध्ये बंद पडलं. कागद महागला, जाहिराती दूरदर्शनकडं गेल्या. ‘नवल’ आणि त्याच घरातली ‘हंस’, ‘मोहिनी’ ही भावंडं वर्षातून एकदाच, दिवाळीला, भेटू लागली. ‘चांदोबा’ मध्येच थांबून पुन्हा सुरू झाला आणि 2013 च्या सुमारास कायमचा थांबला. ‘किशोर’ तग धरून आहे, ही जमेची बाजू. वाचनालयांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 2012 पासून बरीच वर्षं नव्यांना शासनमान्यता मिळणंच बंद होतं. मासिकांतल्या छोट्या कथेचा सगळ्यात मोठा तोटा यात झाला. दर महिन्याला पानं भरायची असतात तेव्हा संपादक नवख्यालाही चार पानं देऊन पाहतो. वर्षाला एकच अंक काढणारा संपादक जाहिरातदाराला दाखवण्याजोगं नाव शोधतो.

गंमत अशी, की मासिकं आटत गेली तसा विदर्भच विज्ञानकथेसारखा होत गेला. 2002 मध्ये बोंडअळीला मारणारा, जनुक बदललेला बीटी कापूस आला. काही वर्षांत बोंडअळीच त्याला पचवू लागली. 2018 मध्ये पांढरकवड्याच्या जंगलात एका वाघिणीला भुलवायला परदेशी अत्तराचा वापर करण्याची योजना झाली. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं ते झालं असा निष्कर्ष निघाला. पण त्याआधी पंधरा दिवस मोबाइलवर लोणासुराचं रक्त वाहत होतं. ताडोब्याच्या जंगलाभोवतीच्या बफर पट्ट्यात वाघ आला की गावाला सावध करणारे, स्वतः ‘विचार’ करणारे कॅमेरे बसले. आणि लाडबोरी तर आहेच. यांतल्या प्रत्येक प्रसंगाला दोन टोकं आहेत : एक प्रयोगशाळेतलं, दुसरं पारावरचं. जुन्या अटीत पहिलं बसतं. कथा दोन्हींच्या मध्ये कुठंतरी आहे.

अट आता सैल झाली आहे. अद्भुत कथेला नवे वाचक मिळाले, बोलीत लिहिलेलं छापतात, ऐकवतातही. पण लिहिणाऱ्याला जागा उरली ती मुख्यतः दिवाळी अंकांची, आणि त्यांचं साहित्य साधारण जून ते ऑगस्टमध्ये मागवतात. आपल्याकडं तेव्हा पेरणी, डवरण, निंदण, युरियाच्या रांगा. हाताला उसंत मिळते ती कापूस-तूर घरात आल्यावर, फाल्गुन-चैत्रात. मासिक होतं तेव्हा फाल्गुनात लिहिलेली कथा वैशाखात छापून यायची. आता ती फाल्गुनात लिहिली तरी जूनपर्यंत पेटीत ठेवावी लागते, आणि जूनमध्ये ती पुन्हा वाचून, नीट करून, टाइप करून पाठवायला वावरातून घरी कोण येणार?