फुगा, झाकण आणि वळीव

‘उपग्रहातून ढग दिसतात, मग आपल्याकडे वळीव कधी पडणार हे हवामान खात्याला सांगता का येत नाही?’ दर उन्हाळ्यात हा प्रश्न ठरलेला. पण उपग्रह बघतो वरून. खालपासून वरपर्यंत हवेचा एकेक थर बारकाईने तपासायला आजही फुगाच सोडावा लागतो.

1864च्या चक्रीवादळाने कलकत्त्याची दाणादाण उडवली, 1866मध्ये दुष्काळ पडला. देशभरच्या नोंदी एकत्र आणणारं हवामान खातं त्यानंतर, 1875 साली सुरू झालं. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. मुख्यालय कलकत्त्याहून सिमल्याला, 1928मध्ये पुण्याला आणि पुढे दिल्लीला गेलं. पुण्यातला सिमला ऑफिस चौक त्यातूनच आला.

तर फुगा. आपल्याकडच्या पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, जगभर एकाच वेळी, असे शेकडो फुगे सुटतात. मिनिटाला साधारण 300 मीटर चढत, तापमान आणि आर्द्रता रेडिओवरून कळवत फुगा वर जातो. बाहेरचा दाब घटतो तसा फुगत जातो आणि तीसेक किलोमीटरवर फुटतो.

आता खरी गंमत. वर जाणारी हवा प्रसरण पावते, त्यात तिची ऊर्जा खर्च होते. कोरडी असेल तर किलोमीटरमागे 9.8 अंशांनी थंड होते. बाष्पाने संपृक्त, म्हणजे काठोकाठ भरलेली असेल तर थेंब बनताना सुप्त उष्मा, म्हणजे बाष्पात दडलेली उष्णता सुटते, आणि ही घट पाचेक अंशांवर येते. समजा भोवतालची हवा किलोमीटरभरात 20 अंशांवरून 13वर उतरली. तिथवर ढकललेली कोरडी हवा 10.2 अंशांवर पोचते. भोवतालपेक्षा थंड, म्हणून परत खाली. संपृक्त हवा मात्र 15 अंशांवर, म्हणजे उबदार. ती आपोआप चढतच राहते आणि गडगडाटी ढग उभा राहतो. मध्येच उष्ण हवेचा थर झाकणासारखा बसला असेल, तर दिवसभर नुसता उकाडा. झाकण कुठे उघडेल, हे एखाद्या अंशाच्या फरकावर ठरतं.

पंचांगवाल्यांना ही कटकट नाही. नक्षत्राचं वाहन बेडूक म्हटलं की झालं. कोकणालाही तोच बेडूक आणि माणदेशालाही तोच!

वळिवाचा ढग काही किलोमीटरचा, म्हणून त्याचा नेमका इशारा काही तास आधीच मिळतो. चक्रीवादळ शेकडो किलोमीटरचं, ते दिवसेंदिवस आधी दिसतं. 1999मध्ये ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली. 2013च्या फायलिन चक्रीवादळाआधी लाखो लोकांना हलवलं, तेव्हा मृतांचा आकडा शंभराच्या आतच राहिला.