पागडीचा फोन

माझा पहिला अँड्रॉइड फोन २०११ सालचा. त्यावर मराठी म्हणजे नुसती चौकोनी डब्यांची माळ दिसायची. आई मोठ्या हौसेनं मराठीत मेसेज लिहायला शिकली होती आणि माझ्यापर्यंत येत होते डबे. त्या काळातल्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी फॉन्टच नसायचा. फॉन्टची फाइल मी मिळवली, पण ती ज्या सिस्टिम फोल्डरमध्ये टाकायची, त्यात काही लिहायची परवानगी मला नव्हती. पैसे मोजून घेतलेला फोन माझ्या हातात होता, आणि त्यात माझ्या भाषेची एक फाइल ठेवायला मी परका होतो.

एका रविवारी गिरगावातल्या आमच्या खोलीत सकाळपासून बसून मी तो फोन रूट केला, म्हणजे त्याच्या सिस्टिममध्ये हवं ते करायचा पूर्ण हक्क मिळवला. फॉन्ट टाकला, फोन पुन्हा सुरू केला आणि आईचा मेसेज अक्षरांत दिसला. जोडाक्षरं सुटी पडली होती, पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे हवी ती पलीकडे जात होती, पण ‘जेवलास का’ एवढं वाचता येत होतं. रूट करणं मूर्खपणाचं आहे असं कुणी सरसकट म्हणालं, की मला तो रविवार आठवतो.

यंदा मे महिन्यात मुलुंडहून भाचा राहायला आला आणि आल्या आल्या म्हणाला, “मामा, माझा फोन रूट करून दे ना.” त्याची तक्रार खरी होती. फोनमध्ये कंपनीनं आधीच भरून दिलेली ॲप काढता येत नव्हती आणि जाहिरातींनी जीव नकोसा केला होता. “फोन माझा आहे ना? मग मला का विचारावं लागतं?” हा त्याचा प्रश्न. गिरगावातल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही.

आमची खोली पागडीची. आजोबांनी तेव्हाची मोठी रक्कम मोजून घेतली, चौथी पिढी त्यात राहते, रेशनकार्डावर पत्ता तोच. तरी घरमालक वेगळा. मधली भिंत पाडायची तर त्याची परवानगी हवी, गच्चीवरच्या टाकीची किल्ली त्याच्याकडे. आपण विकत घेतलेला फोन हा असाच पागडीचा असतो. आत राहायचा, सजवायचा, वापरायचा पूर्ण हक्क आपला, पण भिंतींना हात लावायचा नाही. रूट करणं म्हणजे घरमालकाच्या सगळ्या किल्ल्या आपल्या कमरेला लावणं.

‘रूट’ हा शब्द आला युनिक्सकडून. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवायला सुरुवात केली. तेव्हा एकाच संगणकावर अनेक जण काम करत. एकाच्या फाइली दुसऱ्यानं बघू नयेत म्हणून प्रत्येकाला क्रमांक दिला जाई. सगळी व्यवस्था सांभाळणाऱ्याचा क्रमांक शून्य आणि नाव रूट. युनिक्समध्ये फाइलींचं झाडही उलट्या अश्वत्थासारखं असतं, मूळ वर आणि फांद्या खाली. त्या सगळ्यात वरच्या जागेलाही रूटच म्हणतात.

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे आणि लिनक्सनं ही पद्धत युनिक्सकडून जशीच्या तशी उचलली. अँड्रॉइड बनवणाऱ्यांनी तिचा जो वापर केला, तो मला फार आवडतो. फोन वापरणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. मग त्यांनी ॲपनाच भाडेकरू केलं. प्रत्येक ॲपला इन्स्टॉल होताना स्वतःचा क्रमांक मिळतो, १०,००० पासून पुढे. बँकेच्या ॲपचा एक, गाण्यांच्या ॲपचा दुसरा, रात्री अकरा वाजता कंटाळून उतरवलेल्या खेळाचा तिसरा. प्रत्येकाची खोली वेगळी, कुलूप वेगळं. त्या खेळाच्या आत चोर बसलेला असला, तरी भिंतीपलीकडच्या बँकेच्या खोलीत तो डोकावू शकत नाही, कारण मध्ये लिनक्सचा कर्नल उभा असतो. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. फाइल मागायला कोण आलं, त्याचा क्रमांक काय, एवढंच तो बघतो.

आणि शून्य क्रमांक दिसला की बाजूला होतो. शून्य अंगावर घेऊन भाचा आला की चोर आला, हे कर्नलला कळत नाही. अँड्रॉइड ५ पासून, म्हणजे २०१४ पासून, शून्यालाही वेसण घालणारी एसईलिनक्स नावाची दुसरी नियमावली फोनभर पूर्ण लागू झाली. पण आजची रूटची साधनं त्या नियमावलीतही स्वतःसाठी फट पाडून घेतात, नाहीतर त्यांचा उपयोगच होणार नाही.

अँड्रॉइडच्या पहिल्याच फोनची गोष्ट इथं सांगायला हवी. २००८ मध्ये आलेल्या टी-मोबाइल जी-१ मध्ये एक चमत्कारिक चूक राहून गेली होती. कीबोर्डवर काहीही टाइप केलं, की ते पडद्यावर तर दिसायचंच, शिवाय पडद्यामागे रूटच्या हक्कानं चालणाऱ्या एका कमांडच्या खिडकीतही जाऊन पडायचं. कुणी गप्पांच्या ओघात ‘रीबूट’ एवढाच शब्द लिहून एंटर दाबला की फोन खरोखर बंद होऊन पुन्हा सुरू! चूक लगेच दुरुस्त झाली, पण रूट मिळवण्याच्या पहिल्या वाटांपैकी ही एक होती.

फोन रूट करण्याचे मार्ग मुळात दोनच. एक चोरवाट, म्हणजे कर्नलमधली एखादी चूक हेरून तिच्या आधारे शून्य क्रमांक मिळवायचा. दुसरा राजमार्ग, म्हणजे कंपनीनं दिलेल्या सोयीनं बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचं, कुलूप उघडायचं. ‘एका क्लिकमध्ये रूट’ म्हणून जी ॲप फिरत असतात, ती चोरवाटेची. त्यांच्याबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे.

२०१४ च्या जूनमध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणानं टॉवेलरूट नावाचं छोटं ॲप प्रसिद्ध केलं. लिनक्स कर्नलमध्ये नुकत्याच सापडलेल्या एका चुकीचा त्यानं उपयोग केला होता. बटण दाबा, रूट मिळवा. हौशी मंडळींना केवढा आनंद झाला होता, मलाही झाला होता. पुढे २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीनं गूलिगन नावाच्या मालवेअरची, म्हणजे घातक सॉफ्टवेअरची, माहिती जाहीर केली. त्यानं दहा लाखांहून अधिक गूगल खाती धोक्यात आणली होती. हे मालवेअर साध्यासुध्या दिसणाऱ्या ॲपमध्ये लपून फोनमध्ये शिरायचं, मालकाला न विचारता फोन रूट करायचं आणि खात्यांच्या ओळखखुणा चोरायचं. रूट करायला ते जी साधनं वापरत होतं, त्यांत टॉवेलरूट होतं. आम्ही ज्या भोकातून हौसेनं आत गेलो, त्याच भोकातून चोर आला.

म्हणून एखाद्या अनोळखी ॲपनं तुमचा फोन एका क्लिकमध्ये रूट केला, तर त्यातून दोन गोष्टी कळतात. फोनमध्ये न बुजवलेलं भोक आहे, आणि ते वापरता येणारं कुणीतरी आता आत आहे. शून्य क्रमांक मिळाल्यावर त्या ॲपनं तुमच्यासाठी दार उघडण्याआधी स्वतःसाठी काय काय करून ठेवलं, हे तपासायला तुमच्याकडे कुठलीही जागा उरत नाही, कारण तपासणारं ॲपही त्याच्या हाताखालीच चालणार.

राजमार्ग मी भाच्याला करून दाखवला, पण त्याच्या फोनवर नाही. कपाटात माझा एक जुना फोन पडून होता. सिम काढलं, खाती काढली. सेटिंगमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली, तेव्हा ‘डेव्हलपर’साठीचा लपलेला कप्पा उघडला. तिथं कुलूप उघडायची परवानगी दिली, फोन लॅपटॉपला जोडला आणि बूटलोडर उघडायची आज्ञा दिली. फोननं शेवटचं विचारलं आणि मग स्वतःमधलं सगळं पुसून टाकलं.

“सगळं का पुसतो?” भाच्यानं विचारलं. ही शिक्षा नाही, हे सुरक्षेचं साधं तर्कशास्त्र आहे. लोकलच्या गर्दीत फोन मारणाऱ्यालाही हे कुलूप उघडावंसं वाटेल. उघडलं तरी त्याच्या हाती मोकळी पाटीच यावी, म्हणून ही तजवीज.

बूटलोडर म्हणजे फोन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणाऱ्या प्रोग्रॅमपैकी एक. चिपमध्ये कोरलेला पहिला प्रोग्रॅम पुढच्याची सही तपासतो, तो त्याच्या पुढच्याची, असं करत कर्नलपर्यंत आणि तिथून सिस्टिमच्या फाइलींपर्यंत साखळी जाते. फाइलींची तपासणी तर बघण्यासारखी असते. सगळी सिस्टिम ४,०९६ बाइटच्या तुकड्यांत कापायची, प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा काढायचा, त्या ठशांचे पुन्हा ठसे काढायचे, असं वर वर चढत शेवटी एकच ठसा उरतो. कुठंही एक बिट बदलला तर तो वरचा ठसा जुळत नाही. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, ही तपासणी कडक झाली. बूटलोडरचं कुलूप उघडलं की ही साखळी बूटलोडरच्या कड्यापासून पुढे सैल पडते. आमचा जुना फोनही आता दर वेळी सुरू होताना काही सेकंद इशारा दाखवतो, की या सॉफ्टवेअरची खात्री देता येत नाही.

पुढचं काम मॅजिस्कचं. जॉन वू यांनी २०१६ मध्ये आणलेलं हे साधन सिस्टिमच्या फाइलींना हात न लावता बूट इमेजमध्येच, म्हणजे फोन सुरू होताना लागणाऱ्या फाइलमध्येच, आपली पाचर मारतं. मात्र ती इमेज नेमकी त्याच फोनची, त्याच आवृत्तीची लागते. माझ्या एका मित्रानं इथंच फोन गमावला. त्याचं मॉडेल एकाच नावानं दोन वेगळ्या चिपवर विकलं जात होतं आणि त्यानं दुसऱ्या चिपची फाइल घातली. फोन घेऊन तो लॅमिंग्टन रोडवर तीन दुकानं फिरला. तिसऱ्या दुकानदारानं फोन उघडून, मीटर लावून, पुन्हा बंद करून त्याच्या हातात ठेवला.

आमचं मात्र जमलं. लॅपटॉपवरून फोनची कमांडची खिडकी उघडली, तेव्हा ओळीच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लुकलुकत होतं. ‘मी कोण’ असं विचारल्यावर उत्तर आलं, क्रमांक २०००. मग ‘एसयू’ ही दोन अक्षरं टाइप केली. फोनच्या पडद्यावर मॅजिस्कची चौकट आली, परवानगी द्यायची का म्हणून, आणि शेजारी उलटे सेकंद मोजले जाऊ लागले. भाच्यानं ‘हो’ दाबलं. डॉलर गेला, त्या जागी हॅशचं चिन्ह आलं. पुन्हा विचारलं, मी कोण? क्रमांक शून्य. भाचा खुर्चीतून उठून उभाच राहिला.

मी त्याला त्याच खिडकीतून दुसऱ्या एका ॲपच्या खोलीत जायला सांगितलं. एका साध्या नोंदवहीच्या ॲपमध्ये त्यानंच दहा मिनिटांपूर्वी एक ओळ लिहिली होती. फाइल उघडली आणि ती ओळ समोर आली, ॲप न उघडता. फोनमधला डेटा कूटबद्ध असतो हे त्याला माहीत होतं, म्हणून तो गोंधळला. पण एकदा फोन अनलॉक झाला, की ते कूट रूटसाठी सुटलेलंच असतं. “म्हणजे ही नोंदवही बँकेच्या ॲपची पण असू शकते,” तो म्हणाला. त्याला समजवायला मी जे तासभर बोललो असतो, ते त्या एका ओळीनं केलं.

आपल्या शहरात आज भाजीवाल्या मावशीही गाडीवर क्यूआर कोड लावून बसतात. यूपीआय सुरू झालं २०१६ मध्ये, ते चालवणाऱ्या एनपीसीआयचं मुख्यालय इथंच वांद्रे-कुर्ला संकुलात. या व्यवहारांचा सगळा भरवसा ‘हे सिम, हा फोन, हा पिन’ या जोडणीवर उभा आहे. नोंदणीच्या वेळी ॲप तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवून ही गाठ बांधतं. रूटचा हक्क मिळालेला वाईट प्रोग्रॅम एसएमएस वाचू शकतो, पडदा टिपू शकतो, तुमच्याऐवजी पडद्यावर बोट टेकवल्यासारखं करू शकतो. म्हणून बँकांची अनेक ॲप रूट केलेल्या फोनवर चालायला नकार देतात. त्यांच्या मागे गूगलची तपासणी असते, आणि अलीकडच्या फोनमध्ये चिपमधला सुरक्षित कप्पाच सही करून सांगतो की बूटलोडर उघडा आहे की बंद. ती सही खोटी करणं सोपं नाही. रूट लपवायची साधनं आहेत, पण प्रत्येक नव्या तपासणीनंतर नवी पळवाट शोधत बसावं लागतं. पगार ज्या खात्यात येतो त्याच्याशी हा लपंडाव खेळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गॅरंटीचं म्हणाल तर कंपनीनुसार नियम वेगळे. सॅमसंगच्या नॉक्स ही सुरक्षा व्यवस्था असलेल्या फोनमध्ये मात्र एक सूक्ष्म फ्यूज असतो. अनधिकृत सॉफ्टवेअर चढवलं की तो कायमचा उडतो, मग मूळ सॉफ्टवेअर परत घातलं तरी खूण पुसली जात नाही.

मला जास्त काळजी अपडेटची वाटते. ऑगस्ट २०१५ पासून गूगल अँड्रॉइडच्या सुरक्षा-दुरुस्त्या नियमितपणे जाहीर करतं. रूट केलेल्या फोनवर अपडेट घ्यायचं तर ते अडतं तरी, नाहीतर रूट जातं आणि सगळी मांडणी पुन्हा करावी लागते. माणूस आज करू, उद्या करू म्हणतो. पागडीच्या घरात गच्ची गळली की आपण घरमालकाच्या नावानं बोटं मोडतो. किल्ल्या आपल्या कमरेला लागल्यावर डांबर घेऊन गच्चीवर आपल्यालाच चढावं लागतं, दर पावसाळ्याआधी.

भाच्याच्या मूळ तक्रारी रूटशिवाय मिटल्या. लॅपटॉपवरून एडीबी नावाच्या अधिकृत साधनानं त्याची नकोशी ॲप त्याच्या वापरापुरती काढून टाकली. ती सिस्टिमच्या कोपऱ्यात असतात, फोन फॅक्टरी रीसेट केला तर परत येतील, पण जागी होऊन त्रास देत नाहीत. जाहिरातींचा बराचसा भाग अँड्रॉइड ९ पासून आलेल्या प्रायव्हेट डीएनएसच्या सेटिंगनं थांबला; त्यात जाहिरातींचे पत्तेच शोधून न देणारा सर्व्हर निवडला. आणि देवनागरी आता प्रत्येक फोनमध्ये असतं, वेलांटी जागच्या जागी.

जुना फोन मी त्यालाच देऊन टाकला, बिनसिमचा, शिकण्यासाठी. मुलुंडला गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. “मामा, बूटलोडर परत लॉक करू?” मी म्हटलं, “थांब. आधी मूळ सॉफ्टवेअर पूर्ण परत घाल. बदललेली इमेज आत ठेवून कुलूप लावलंस तर साखळी तपासणी करेल, ठसा जुळणार नाही आणि फोन उठणारच नाही.”

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग म्हणाला, “बरं झालं विचारलं. बोट बटणावरच होतं.”